पाच गुणांची पिशवी

माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा हुशार नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून उगाच कुणाचा गैरसमज व्हायचा. मी विद्यापीठात गणितात दुसरी आलेली बाई आहे. पहिला आला होता तो पुढे औषधाच्या कंपनीत चिकटला, म्हणजे गणितात राहिलेल्यांत मीच पहिली. चोवीस वर्षं नववी-दहावीला शिकवतेय. धाकटी त्याच शाळेत शिवण शिकवायची. काजं, बटणं, उशांचे अभ्रे. आणि तरीही गेली अकरा वर्षं मी तिच्यावर जळतेय. आता गोड बोलून काय उपयोग? जळते म्हणजे जळते. तिचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं.

गंमत म्हणजे शाळेत तिला चिकटवली मीच. लग्न होऊन घरात आली ती एक शिवणयंत्र आणि एक डिप्लोमा घेऊन. शाळेत शिवणाची जागा रिकामी होती. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "घरातलीच आहे, खालमानेनं काम करेल, कुणाच्या अध्यात ना मध्यात." स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

शिवणाचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून. एका भिंतीला कायम ओल. सहा यंत्रं, त्यातली दोन बंद. मधे कापडं बेतायचं लांबलचक टेबल, पत्र्याच्या डब्यात खडूचे तुकडे, आणि खिळ्याला टांगलेल्या कात्र्या. असल्या त्या खोलीत घंटा झाली तरी मुलं उठायची नाहीत. माझ्या वर्गात घंटेच्या पाच मिनिटं आधीपासून दप्तरांच्या चेनी ओढल्याचे आवाज. मला ऐकू येत नाहीत असं त्यांना वाटतं.

मुलं मला पाठीमागे शून्यबाई म्हणतात, तेही मला माहीत आहे. माझा नियम सरळ आहे: उत्तर बरोबर तर पूर्ण गुण, चुकलं तर शून्य. अर्ध्या गुणाची खैरात मी कधी केली नाही. शून्य काढायचं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारायच्या. माझ्या लेकीच्या वहीतसुद्धा मी अशीच शून्यं काढलीत. आपपरभाव नाही.

आम्ही राहतो एकाच इमारतीत, मी दुसऱ्या मजल्यावर, धाकटी तळमजल्यावर. सासूबाई माझ्याकडे राहतात, पण डोळ्यांत थेंब घालायला त्यांना धाकटीच लागते. "तिचा हात हलका आहे गं," म्हणतात. म्हणजे माझा हात काय वरवंटा आहे? दीर दोन वर्षांपासून पाठीच्या दुखण्यानं घरात आडवे. धाकटीच्या नोकरीवर ते घर चालतं. पण तिच्या तोंडून कधी कुरकुर ऐकली नाही, आणि मला त्याचाही राग येतो. माणसानं थोडी तरी कुरकुर करावी की नाही?

तर, गेल्या वर्षी नवीन अभ्यासक्रमाचं परिपत्रक आलं.

मुख्याध्यापकांनी आम्हा सगळ्यांना बसवून ते वाचून दाखवलं. शिवण, सुतारकाम वगैरे विषय पुढच्या वर्षापासून बंद. गणिताचे दोन भाग: एक नेहमीचं गणित, एक व्यवहार गणित. व्यवहार गणित सगळ्यांना सक्तीचं, आणि त्याच्या परीक्षेत नुसतं उत्तर चालणार नाही, कारण लिहावं लागणार. कारणाला गुण. ज्यांचे विषय बंद होतायत त्या शिक्षकांना एक संधी: व्यवहार गणिताची पात्रता परीक्षा द्यायची. शंभरपैकी पन्नास मिळाले तर नोकरी चालू, नाहीतर वर्षअखेरीला निरोप.

मी धाकटीकडे बघितलं. ती मांडीवरच्या कापडाचा धागा ओढत बसली होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटलं ते वरवर. आत कुठेतरी उकळी फुटली होती, की सुटले एकदाची! मग मुख्याध्यापकांनी पान उलटलं. माझ्या नववीच्या आठवड्याच्या सात तासांपैकी चार तास व्यवहार गणिताला जाणार होते. आणि ते कोण घेणार, तर "शक्यतो या परीक्षेतून पात्र झालेले शिक्षक."

म्हणजे ती पास झाली तर माझेच तास तिच्या पदरात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि त्याच संध्याकाळी ती वर आली, माझ्याकडे. हातात वही, कानामागे शिसपेन्सिल.

"ताई, मला गणित शिकवाल?"

"मी? आता या वयात तुला?"

"तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

नाही म्हणायला तोंड उचकटेना. सासूबाई समोरच बसलेल्या. मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आमची शिकवणी सुरू झाली. मी सूत्र लिहून द्यायची, ती सूत्राकडे बघत बसायची.

"ऋण गुणिले ऋण धन का होतं, ताई?"

"नियम आहे."

"हो, पण का?"

"अगं, नियमाला का नसतं. पाठ कर आणि पुढे चल."

ती पाठ करायची नाही. मान हलवायची, वही मिटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच "का". माझ्या डोक्यावर नुसत्या मिऱ्या वाटायची. एकदा मी वर्तुळाचं क्षेत्रफळ लिहून दिलं, तर दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्राचा एक गोल कापून घेऊन आली. त्याच्या तिनं सोळा कळ्या केल्या होत्या, घेरदार झग्याला करतात तशा. एक कळी सुलटी, एक उलटी अशा टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, तर झाला की हो लांबट चौकोन.

"ही उंची म्हणजे गोलाची त्रिज्या," ती म्हणाली. "आणि ही लांबी म्हणजे अर्धा घेर. म्हणून तुमचं सूत्र तसं आहे होय! मला वाटलं कुणी असंच ठरवलंय."

चोवीस वर्षांत हे मी एकाही वर्गात करून दाखवलं नव्हतं. मला ते येत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं कधीतरी. पण या बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं, हिनं कात्रीनं शोधून काढलं होतं. मी म्हटलं, "पसारा उचल आता, ताटं घ्यायचीत."

माझी लेक तेव्हा नववीत. माझ्याच विषयात तिला शंभरपैकी एकतीस. वर्गात तिच्याकडे बघायची मला लाज वाटे, आणि तिला माझ्याकडे. तिला मी घरी शिकवायला बसले की पाच मिनिटांत दोघींचा आवाज चढायचा. तर एके दिवशी ती घरात दिसेना म्हणून खाली गेले. दीर पलंगावर पडल्या पडल्या हसत होते. धाकटी आणि माझी लेक जमिनीवर बसलेल्या, मधे एक कापडाचा तुकडा.

"हे उलटं," धाकटी म्हणाली, आणि कापड पालथं केलं. "आता उलट्याचं उलट कर बघू."

लेकीनं कापड पुन्हा फिरवलं.

"काय झालं?"

"सुलटं!" लेक ओरडली. "अय्या, काकू! ऋण गुणिले ऋण! म्हणजे आई इतके दिवस हेच सांगत होती?"

"हेच सांगत होत्या," धाकटी म्हणाली. "त्यांना सगळं माहीत आहे, त्यामुळे त्या भराभरा सांगतात. आपण हळू चालतो."

लेक हसत होती. गणित करताना माझी लेक हसू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मी दारातूनच मागे फिरले. जिना चढताना माझे डोळे भरून आले होते, आणि ते काही आनंदानं नाही. माझं होतं ते सगळं ही बाई एकेक करून उचलत होती. सासू झाली, मुलं झाली, आता लेकही.

पात्रता परीक्षेच्या आधी आम्हा गणिताच्या शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, पेपर तपासायचं. प्रशिक्षक पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला. त्यानं सूचनांचं पुस्तक वाटलं आणि सहावं पान उघडायला लावलं. तिथे ठळक अक्षरात होतं: उमेदवारानं कारण नीट दिलं असेल, तर उत्तर नमुन्याहून वेगळं आलं तरी पाचपैकी चारपर्यंत गुण द्यावेत.

मी हात वर केला. "उत्तर चुकलं तरी गुण?"

"मॅडम, चुकलं की वेगळं आलं, ते आधी बघायचं," तो म्हणाला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की सहावं पान मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला ते तोंडपाठ होतं. रागानं वाचलेलं माझ्या चांगलं लक्षात राहतं.

तपासणीचं केंद्र एका कॉलेजच्या सभागृहात होतं. आत जाताना एका कागदावर सही करायची: या परीक्षेला माझं कुणी जवळचं नातेवाईक बसलेलं नाही. खाली यादी दिली होती. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. मी दोनदा वाचली. जाऊ नव्हती. ज्यानं कुणी यादी केली त्याला जाऊ नसणार, नाहीतर त्यानं ते नातं सगळ्यात वर घातलं असतं. मी सही ठोकली.

तसे पेपरांवर नावं नसतात, नुसते क्रमांक. आणि पेपर होते हजारभर. तिचा माझ्याकडे येईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. तपासायची पद्धत ठरलेली: प्रत्येक प्रश्नाशी आधी शिसपेन्सिलीनं गुण मांडायचे, शेवटी बेरीज जुळली की लाल शाईनं पक्के करायचे आणि पेन्सिल खोडायची. दर दहावा पेपर मुख्य परीक्षक पुन्हा बघणार.

तिसऱ्या दिवशी, चौथ्या गठ्ठ्यात सातवा पेपर. शेवटचा प्रश्न पाच गुणांचा. वीस सेंटीमीटर व्यासाची आणि तीस सेंटीमीटर उंचीची, गोल तळाची, वरून उघडी पिशवी शिवायची आहे, तर किती कापड लागेल? नमुना उत्तर दोन हजार एकशे अठ्ठ्याण्णव चौरस सेंटीमीटर. नववीतल्या मुलालाही यावं असं.

या पेपरात उत्तर होतं दोन हजार सातशे नव्याण्णव.

मी वरची मांडणी बघितली. उमेदवारानं घेराला दोन्ही बाजूंनी दीड दीड सेंटीमीटर वाढवलं होतं आणि लिहिलं होतं, "शिलाईसाठी." उंचीला खाली दीड आणि वर तीन, "तोंडाशी दुमडायला." तळाच्या गोलालाही भोवती दीड, आणि मग त्या गोलाचं क्षेत्रफळ न काढता तेवीस सेंटीमीटरचा सबंध चौकोन धरला होता. "गोल कापला तरी कापड चौकोनच जातं. कोपरे वाया." शेजारी स्वच्छ आकृती, दुमडीच्या जागी तुटक रेघा. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: "कापड आटतं, म्हणून बेतायच्या आधी धुऊन घ्यावं."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. जगात गणिताच्या पेपरात कापड धुवायला सांगणारी एकच बाई आहे, आणि ती माझ्या घराखाली राहते.

मी पेन्सिलीनं चार मांडले. हात आपसूक गेला. नियमानं चारच बसत होते. मग सगळ्याची बेरीज केली. एक्कावन्न.

एक्कावन्न म्हणजे पास. माझे चार तास तिचे. माझ्या शेजारच्या वर्गात ती, तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज, आणि मी फळ्यापुढे दप्तरांच्या चेनी ऐकत उभी. मला तो आवाज तिथे बसल्या बसल्या ऐकू आला. मी इकडे तिकडे बघितलं. सगळ्यांच्या माना खाली. पेपर सातवा, दहावा नव्हे. मी खोडरबर घेतला, चार खोडला, आणि लाल शाईनं शून्य काढलं. खाली दोन रेघा मारल्या. उत्तर नमुन्याशी जुळत नाही, विषय संपला. चोवीस वर्षं मी हेच करत आले आहे, असं मी स्वतःला सांगितलं. सत्तेचाळीस.

निकाल लागला त्या दिवशी मला वाटलं होतं ती रडेल. नाही रडली. शिवणाच्या खोलीत जाऊन तिनं सहाही यंत्रांना तेल घातलं, बंद पडलेल्या दोन्हींनासुद्धा, आणि झाकणं बसवली. मुख्याध्यापक म्हणाले, "किल्ली महिनाअखेरीला दिलीत तरी चालेल." घरी दीर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सासूबाई जेवल्या नाहीत. माझी लेक माझ्याशी नीट बोलेना, जसं काही तिला कळलंच होतं. तिला काही कळलेलं नव्हतं. माझ्याच मनाला ते खात होतं.

आठवड्यानं पेपर दाखवायचा दिवस होता. धाकटी जाऊन आली. संध्याकाळी वर आली, तीच वही, कानामागे तीच पेन्सिल.

"ताई, शेवटच्या प्रश्नाला शून्य आहे."

"उत्तर काय आलं होतं तुझं?" मी विचारलं. भांडी घासत होते म्हणून बरं, पाठ तिच्याकडे होती.

तिनं सांगितलं. शिलाई धरली, दुमड धरली. "शिलाई न धरता पिशवी शिवायची कशी, ताई?"

"गणितात शिलाई नसते."

"प्रश्नात तर शिवायची म्हटलंय."

मी पातेलं नळाखाली धरलं.

"एक सांगू? तिथे आधी चार होते. पेन्सिलीनं लिहून खोडलेले. तिथल्या साहेबांना दिसेनात, मी दाखवले. खडूची रेघ झटकली तरी कापडावर राहते ना, माझी नजर बसलीय त्याला. ज्यांनी तपासलं त्यांना बरोबर समजलं होतं. मग पुन्हा शून्य का दिलं असेल?"

माझ्या हातातलं पातेलं नळाखाली भरून वाहत होतं.

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं.

"तेच म्हटलं. तुम्हाला विचारावं. तुम्ही इतके पेपर तपासता." ती उठली. "फेरतपासणीचा अर्ज भरायचाय. त्यावर गणिताच्या पात्र शिक्षकाचं मत लागतं, सहीसकट. तुमचंच घेईन म्हटलं. अर्ज शाळेत माझ्या मापवहीत ठेवलाय, टेबलाच्या खणात. उद्या मधल्या सुट्टीत बघाल? मला उद्या ह्यांना दवाखान्यात न्यायचंय."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शिवणाच्या खोलीत गेले. यंत्रं झाकलेली, खडूचा डबा रिकामा. खण उघडला, मापवही काढली. तिच्यात तिनं सगळ्या शाळेची मापं लिहून ठेवली होती. अर्ज एका पानात खोचलेला. उघडलं तर ते पान माझंच.

मापं माझ्याच अक्षरात होती. मी तिला कधी टेप लावू दिली नाही. माझी मापं मीच घ्यायची आणि मीच लिहायची. बाही, खांदा, छाती, कंबर. आकड्यांत तीन ठिकाणी चार होते. माझा चार पोटाशी फुगलेला आणि वरून उघडा असतो, शाळेतली सगळी पोरं त्याची नक्कल करतात. त्यातल्या एका चाराभोवती तिनं पेन्सिलीनं हलकासा गोल केला होता. बाकी एक शब्द नाही.

पेपरावर खोडलेला चारही असाच होता.

मापांच्या खाली तिच्या बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं. "ताईंचा ड्रेस: आत दोन सेंमी जास्त ठेवणे. त्यांना सांगू नये." खाली तीन तारखा. प्रत्येकीपुढे लिहिलेलं, "सैल केला."

त्या तारखा मला चांगल्या आठवत होत्या. दर वेळी मी तणतणत खाली गेले होते, की तुझं कापड कसलं, दोन धुण्यांत आखडलं. दर वेळी ती म्हणाली होती, "हो ना ताई, कापड आटलंच. द्या, सैल करते." आणि मी चारचौघांत सांगत फिरले होते, की आमच्या धाकटीला कापडाची पारख नाही. आता तिचा पेपर माझ्या डोळ्यांपुढे आला. बेतायच्या आधी धुऊन घ्यावं. ती कायम धुऊनच घ्यायची. तिचं कापड आटणं शक्य नव्हतं. आटलं नव्हतं काही, मीच सुटले होते. अकरा वर्षांत तिनं ते मला एकदाही जाणवू दिलं नाही.

मला तिथेही हेवा वाटला, बघा. इतकं मन मोठं असायला काय लागतं? मला का नाही दिलं कुणी?

अर्जावर मताला पाच ओळी होत्या. मी लिहिलं: "उमेदवाराचं उत्तर बरोबर आहे. नमुना उत्तराप्रमाणे कापड घेतल्यास पिशवी शिवता येणार नाही. कारणं पूर्ण आहेत. परीक्षकाला हे समजलं होतं व त्यांनी आधी चार गुण दिले होते. ते हेतुपुरस्सर खोडले. पाचपैकी पाच द्यावेत." मग सही केली, पात्रता लिहिली, आणि सहीखाली माझा परीक्षक क्रमांक घातला. तो क्रमांक त्या पेपराच्या कोपऱ्यावर होता. शेवटचे दोन आकडे चव्वेचाळीस. दोन्ही चार पोट फुगलेले.

व्हायचं ते झालं. मला खुलासा द्यायला बोलावलं, दिला. तीन वर्षं पेपर तपासायला बंदी. मुख्याध्यापक आठवडाभर माझ्याशी बोलताना टेबलाकडे बघायचे. घरात कुणाला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही. धाकटीला चारच मिळाले. नियमानं पाच बसत नव्हते. एक्कावन्न.

आता ती माझ्या शेजारच्या वर्गात व्यवहार गणित शिकवते. मधली भिंत पातळ आहे. तिकडे हशा पिकला की माझ्या वर्गातली मुलं भिंतीकडे बघतात, आणि मी खडू जोरात आपटते. लेकीला चाचणीत अठ्ठावन्न मिळाले, त्यातले किती माझे आणि किती काकूचे, याचा मी हिशोब मांडत बसते. जळणं काही गेलं नाही. ते अंगातच आहे माझ्या.

मागच्या रविवारी ड्रेस काखेत काचायला लागला म्हणून मी खाली गेले. या वेळी कापडाला नावं ठेवली नाहीत.

"जाडी झालेय मी," मी म्हटलं. "सैल कर."

तिनं ड्रेस घेतला, उलटा केला, आणि ब्लेडनं शिवण उसवायला लागली. मी समोर बसून राहिले. शेवटी विचारलंच.

"तुला माहीत होतं ना? माझ्याकडे आलीस तेव्हाच?"

"पेपर बघितला तेव्हाच."

"मग तिथल्या तिथे नाव का नाही घेतलंस?"

तिनं तोंडातला धागा काढला. "तुम्ही एकदा चार दिले होतेत ना, ताई. म्हटलं, पुन्हा द्याल."

तिनं यंत्रावर दोन टाके घातले, धागा तोडला आणि ड्रेस माझ्या हातात दिला. वर येऊन घातला, अगदी बरोबर बसला. काढताना मी तो उलटा करून बघितला. शिलाईच्या आत अजून एक सेंटीमीटर कापड तिनं शिल्लक ठेवलं होतं.